बयो कुठं गेली

“बयो जमिनीवर आहे,” वीणा मॅडम म्हणाल्या.

मी चहा गाळत होते. म्हटलं, “परत अंडी घालायला आली असेल.”

“अंडी घालायला कासव वरच्या आळीत जातं का गं, शालन?”

मी हसत हसतच लॅपटॉपशी गेले. पडद्यावर आमचं कुडबंदर दिसत होतं. खाडीचं तोंड, वाळूची पुळण, आम्हा मासेमारांच्या खारवीवाडीची पत्र्याची घरं, वर चढत गेलेला डांबरी रस्ता आणि त्याच्या शेवटी वरची आळी. तिथल्या एका कौलावर लाल ठिपके एकावर एक बसले होते. ते घर कोणाचं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कौलांवर वाकलेला तो फणस मी लहानपणापासून बघत आलेय. घर मेहेंदळे सरांचं होतं.

बयो म्हणजे समुद्री कासवीण. जानेवारीत ती आमच्या पुळणीवर अंडी घालायला आली, तेव्हा कासवांवर संशोधन करायला आलेल्या मॅडमनी तिच्या पाठीवर एक यंत्र डिंकाने चिकटवलं होतं. सगळे त्याला टॅग म्हणायचे. ती श्वास घ्यायला वर आली की टॅग त्याच्या तारेतून उपग्रहाला हाक मारायचा आणि इथे नकाशावर एक ठिपका उमटायचा. नाव वाडीतल्या बायांनी ठेवलं होतं. ओटीसुद्धा भरायला निघाल्या होत्या, मॅडमनी कसंबसं आवरलं.

आणि मेहेंदळे सर म्हणजे आमच्या किनाऱ्यावर कासवांचा पहिला माणूस. ते आले तेव्हा वाडीत कासवाची अंडी उकरून खायचे लोक. माझ्या आजीनेही खाल्लेली. सरांनी कोणाला कायदा दाखवला नाही, कोणाला पोलिसात दिलं नाही. होडीहोडीवर जाऊन बसले, खारवट चहा प्यायले, शिव्या खाल्ल्या. हळूहळू तेच लोक अंड्यांभोवती कुंपण घालून राखण करायला लागले. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. लग्न व्हायचं होतं तेव्हा माझं, भावाकडे राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ घरटी राखायचे.

सरांचं एक म्हणणं होतं. आपली कासवं इथून दक्षिणेला जातात, देशाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या समुद्रात पोहोचतात आणि तिथून परत येतात. तरुणपणी त्यांनी पदरमोड करून कासवांच्या वल्ह्यांना, म्हणजे पोहायच्या पायांना, पत्र्याचे बिल्ले लावले होते. त्यातल्या एकाचंही कुठून उत्तर आलं नाही. शहरातल्या परिषदांत त्याला मेहेंदळ्यांची भाकडकथा म्हणत, हे आम्हालाही कळायचं. आता बयोचा टॅग याचा निकाल लावणार होता.

आणि बयोबाई निघाल्या थेट उत्तरेला, गुजरातच्या अंगाला. सर रोज सकाळी काठी टेकत यायचे, ठिपका बघायचे, “छान” म्हणायचे आणि जायचे. मग एके दिवशी ठिपके उमटायचेच थांबले. टॅगला शेवाळ धरलं असेल, असं मॅडम म्हणाल्या. बरेच दिवस काहीच नाही. आणि आज एकदम हे.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. “शालन, बयो उत्तरेला चालली होती. टॅग बंद पडला किंवा सापडलाच नाही, तर कोणाचं बरं होणार?”

“काहीतरीच काय मॅडम! सर असं करतील?”

“मग त्यांच्या घरात टॅग काय करतोय?”

 दोन दिवसांवर आमच्या नव्या कासव केंद्राचं उद्‌घाटन होतं आणि केंद्राला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. उद्या सकाळी वनखात्याचे गुरव साहेब तयारी बघायला यायचे होते.

“त्यांना मला सांगावंच लागेल,” मॅडम म्हणाल्या. “स्वतःचं म्हणणं खोटं पडू नये म्हणून ज्याने पुरावा काढून घेतला, त्याचं नाव मी केंद्रावर लावू देणार नाही. मग तो कितीही मोठा असो.”

मला त्यांचा असा राग आला की हातातलं गाळणं तसंच आपटलं. पण खरं सांगते, आतून मलाही चावायला लागलं. मी मुळातच संशयी. आई म्हणायची, ही पोरगी प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा खडा शोधेल. सर रोज “छान” म्हणायचे, ते कुठल्या तोंडाने म्हणायचे? स्वतःचं घर जळताना बघून कोणी छान म्हणतं का?

तेवढ्यात मला आणखी एक ठिपका दिसला. एकटाच, फिकट, खाली खारवीवाडीत.

“हा कसला?”

“तो काल संध्याकाळचा. कच्चा आहे, दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो. तो सोडून दे,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी सोडला. मला सोडता येईना, कारण तो माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर होता.

माहेरी गेले तर वहिनी चुलीशी. टोपात डाळ शिजत होती. ना सोमवार, ना संकष्टी, आणि खारव्याच्या घरात नुसता डाळभात! काल बंदरावरच्या सगळ्या होड्या बांगड्याने भरून आल्या होत्या. माझ्या भावाची, जनादादाची होडी तीन दिवस बाहेर राहून रिकामी आली. मी काल विचारलं, तर म्हणाला, नशीब. देवघरात डोकावले. नारळाच्या दोन ताज्या वाट्या ठेवलेल्या.

हे आमच्यातलं बाहेरच्याला कळायचं नाही. खारव्याच्या जाळ्यात कासव आलं की ते देवाचं रूप. त्याला होडीवर घ्यायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा, हात जोडून सोडायचं. आणि त्या फेरीचं सगळं म्हावरं, सगळी मासळी, दर्याला परत द्यायचं. विकायचं नाही, खायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याचा बोभाटा करायचा नाही. जो सांगत फिरला त्याचं पुण्य गेलं. म्हणून घरचेसुद्धा विचारत नाहीत.

मी विचारलं. “वहिनी, दादाच्या जाळ्यात कासव आलं होतं ना?”

पळी तिच्या हातातच राहिली. “वन्सं, असलं विचारू नये.”

“बयो होती ना?”

“मला काय ठाव? मी होडीवर होते काय?” असं म्हणून तिने तोंड फिरवलं आणि डोळ्यांना पदर लावला. धूर नव्हता चुलीला. मी तशीच पुळणीवर गेले.

दादा होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. माणूस आत शिरेल एवढं भोक पडलेलं.

“हे रे कशाने?”

“पाण्यातल्या खडपाला घासलं.”

“खडप सुरीने कापतो काय? कडा बघ कशा सरळ आहेत.”

“शालन, जा तू. तुझी कासवं राख जा.”

“माझंच कासव शोधतेय. मेलं की जिवंत आहे, तेवढं सांग.”

तसा तो भडकला. “मेलं? माझ्या हातून? आईची शपथ घालू काय तुला?” मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “जिती हाय गो. सोडली मी तिला.”

मग एकेक करून बाहेर आलं. बयो आली तेव्हा तिच्या अंगावर आधीच कोणाच्यातरी फेकलेल्या जाळ्याचा तुकडा होता. टॅगच्या तारेला आणि वल्ह्याला पीळ बसलेला. वल्हं सुजलं होतं, मान वर काढताना ती धापा टाकत होती. दादाने स्वतःचं जाळं कापून तिला वर घेतलं. तुकडा सोडवायला गेला तर टॅगचा डिंक एका बाजूने सुटलेलाच होता. ओढताच टॅग तुकड्यासकट हातात आला.

“मग? तसाच ठेवायचा होता काय अर्धा लोंबता? सरांनीच शिकवलंय ना, कासवाच्या अंगावर काय अडकलेलं दिसलं तर आधी ते काढायचं, मग सोडायचं. दोरी असो, पिशवी असो. मी तेच केलं.”

“मग मला का नाही सांगितलंस, मेल्या?”

“कोणाला सांगू? सरकारी यंत्र, लाखांचं. वर कासव म्हणजे कायद्याला वाघाच्या बरोबरीचं. होडी ओढून नेतील माझी. चार घरं जेवतात तिच्यावर. म्हणून रात्रीच्या आत सरांकडे नेऊन दिलं. सर म्हणाले, ठेव इथे, तू काही पाहिलं नाहीस, घरी जा.”

“दादा, तो टॅग सरांच्या घरातून ओरडतोय. मॅडमना वाटतंय सरांनीच चोरला. उद्या साहेबांपुढे सांगणार आहेत त्या. सरांचं नाव जाईल.”

दादाने सुई खाली ठेवली.  मला वाटलं, आता उठेल. पण तो म्हणाला, “सर सांभाळून घेतील. शिकलेल्या माणसाला काय होतंय?” आणि सुई परत उचलली. माझ्या रक्ताचा भाऊ, पण त्या क्षणी मला त्याचं तोंड बघवेना.

सर पडवीत आरामखुर्चीत होते. मी पायरीवरूनच म्हटलं, “टॅग कुठे आहे?”

“फडताळात. का गं?”

“तो बोलतोय अजून. पाण्यात गप्प असतो, कोरडा झाला की सारखा बोलतो. मॅडमच्या नकाशावर तुमचं घर लाल झालंय.”

सर आधी दचकले आणि मग, काय सांगू, हसायला लागले. “आमच्या वेळचे बिल्ले बरे होते, निदान चुगली करत नव्हते.”

“हसू नका सर. मॅडम काय म्हणतायत ठाऊक आहे? मला दादाने सगळं सांगितलंय. तुम्ही सरळ सांगा ना त्यांना.”

“जनाचं नाव घेऊन? ते होणे नाही.” हसू गेलं. “शालन, चाळीस वर्षांत एकाही खारव्याचं नाव मी कोणाला दिलेलं नाही. म्हणून ते येऊन सांगतात. एकदा जनाची होडी अडकली की उद्यापासून जाळ्यात आलेलं प्रत्येक कासव गुपचूप बुडेल. कोण जाळं कापेल?”

“आणि तुमचं काय?”

त्यांनी हातानेच तो प्रश्न बाजूला सारला. माझ्यातली संशयी बया काही गप्प बसेना. “सर, बयो नक्की कुठे सापडली त्याला?”

“मी विचारलं नाही.”

हे मला पटेना. हा माणूस मेलेला मासासुद्धा कुठे, कधी, किती पाण्यात सापडला ते विचारल्याशिवाय पुढे जात नसे. माझ्या हळदीकुंकवाच्या वाटीइतका तो प्रश्न त्यांच्या रोजच्या वापरातला. आणि बयोबद्दल विचारलं नाही?

“का नाही विचारलं?” मी जवळजवळ ओरडलेच. “खरं सांगा, तो टॅग निघाला ते तुम्हाला बरं वाटलं ना?”

म्हटलं आणि जीभ चावली. सर मात्र माझ्याकडे शांतपणे बघत होते.

“वाटलं,” ते म्हणाले. “जनाने पिशवी पुढे केली तेव्हा आधी मला बरं वाटलं. ठिपका कायमचा थांबला, आता उत्तरेला काही दिसणार नाही. मग कासव जिवंत आहे का, हे विचारलं. आधी बरं वाटलं आणि नंतर तिची चौकशी केली, शालन. या वयात स्वतःची अशी ओळख झाली की माणूस फार प्रश्न विचारत नाही.”

 मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

“तेव्हा वीणाबाई अगदीच चूक नाहीत,” ते म्हणाले. “उद्या मी सांगेन, टॅग मी काढला. तू मध्ये पडू नकोस. जा आता, दिवे लागायची वेळ झाली.”

घरी जाताना दादाकडे थांबून मी एवढंच सांगितलं, की सर उद्या सगळं स्वतःवर घेणार आहेत. तो पानावरून उठला. हात धुऊन बाहेर गेला.

सकाळी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बैठक बसली. गुरव साहेब, सरपंच तांडेलकाका, वीणा मॅडम, सर आणि मी. सरांनी टॅग फडक्यात गुंडाळून आणला होता. दाराशी वाडीतले पाचसहा खारवी उभे. दादा त्यांच्यात सगळ्यात मागे, अर्धा आत अर्धा बाहेर. मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. पळायलाच उभा आहे असं मला वाटत होतं.

सरांनी फडकं टेबलावर ठेवलं. “हा बयोचा टॅग. मी काढला.”

 गुरव साहेबांचा चेहरा पडला. त्यांनीही शाळेत असताना सरांबरोबर पिल्लं सोडलेली होती.

मॅडम मात्र सोडणाऱ्या नव्हत्या. “कसा काढलात सर? तुम्ही महिनाभरात होडीत पायही ठेवलेला नाही. आणि बयो तर समुद्रात होती.”

“काढला एवढं पुरे.”

“नाही पुरे. का काढलात?”

“तुम्हाला जे वाटतंय, त्यासाठीच असेल.”

“खोटं बोलतायत ते.”

आवाज दारातून आला. दादा लोकांना बाजूला सारत पुढे आला.  “टॅग मी काढला. सरांनी नाय. मला काय करायचं ते करा, पण म्हाताऱ्या माणसाला असं उभं करू नका.”

सर म्हणाले, “जना, बस खाली.”

“नाय बसणार. जन्मभर तुमचं ऐकलं, आज नाय ऐकणार.”

आणि त्याने सगळं सांगितलं. फेकलेल्या जाळ्याचा तुकडा, सुजलेलं वल्हं, सुटलेला डिंक, सगळं. मॅडमनी टॅग उचलून खालची बाजू बघितली. डिंकाला शेवाळाचा थर होता. त्या हळूच म्हणाल्या, “खरं आहे. हा आधीपासूनच सुटत आला होता. चूक असेल तर माझ्या चिकटवण्याची आहे.”

गुरव साहेबांनी घाम पुसला. “जाळ्यात चुकून आलेलं सोडणं हा काही गुन्हा नाही, जनार्दन. पण यंत्र लपवलंस ते वाईट केलंस. पुढच्या वेळी सरळ माझ्याकडे यायचं, कळलं?”

दादाने मान डोलावली. 

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला, जो दादाला विचारायचा माझ्याकडूनही राहून गेला होता आणि सरांनी मुद्दाम टाळला होता. “बयो नक्की कुठे सापडली तुम्हाला?”

“इथेच की. आपल्या बंदराच्या समोर. तीन दिवस वर श्रीवर्धनाच्या बाजूला होतो, परत येताना इथे शेवटचं जाळं टाकलं, त्यात आली.”

“इथे?” मॅडम उभ्याच राहिल्या. “आणि सोडल्यावर?”

“खाली गेली. वेंगुर्ल्याच्या अंगाला. दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच जात होती.”

मॅडमनी लॅपटॉप ओढून उघडला. समुद्रातला शेवटचा ठिपका होता तो वर, कुठच्या कुठे. त्यांनी तिथे बोट ठेवलं, मग तेच बोट खाली आणून कुडबंदरासमोर टेकवलं. “तार जाळ्यात गुंतली म्हणून आपल्याला ठिपके दिसले नाहीत. पण ती फिरली होती. सर, बयो परत फिरली होती! ती दक्षिणेला चालली होती.” त्यांचा आवाज चढला. काल ज्यांनी सरांना चोर ठरवलं होतं, त्यांचेच डोळे भरून आले होते. “मी हे लिहिते. आजच लिहिते.”

मी सरांकडे बघितलं. त्यांनी काठी घट्ट धरली होती. लहान मुलाला जत्रेत हवं ते खेळणं समोर दिसावं, तसं काहीतरी चेहऱ्यावर आलं होतं. मी मनात म्हटलं, घ्या सर, घ्या आता, चाळीस वर्षांनी पदरात पडतंय.

“काय लिहाल?” त्यांनी विचारलं.

“बयो दक्षिणेकडे वळली, असं.”

“जना, वारा कुठला होता रे त्या दिवशी?”

“वरचा. जोराचा होता.”

“म्हणजे उत्तरेचा. पाणीही खालीच ओढत असणार.” सर मॅडमकडे वळले. “वीणाबाई, एक वल्हं निकामी झालेलं जनावर, अंगावर जाळं. ते आपणहून वळलं की वाऱ्यापाण्याने वाहत आलं, हे जनाला ठाऊक नाही, मला नाही, तुम्हालाही नाही. सुटल्यावर घाबरलेलं कासव थोडा वेळ कुठेही जाईल. तेव्हा दक्षिणेला वळली, असं लिहू नका.”

“अहो सर, पण हे तुमच्या बाजूचं आहे!”

“म्हणूनच नका लिहू. जनाला कुठे दिसली ते लिहा. त्याच्यापुढे लिहा, की ठाऊक नाही.”

“तुमचं चाळीस वर्षांचं म्हणणं—”

“चाळीस वर्षं मी ‘दक्षिणेला’ म्हणत आलो,” सर म्हणाले. “तेव्हाच ‘ठाऊक नाही’ म्हणायला हवं होतं.”

 मॅडम हळूच खुर्चीत बसल्या आणि सर सांगत होते तसं, शब्दाला शब्द, लिहून घेतलं. मी खिडकीकडे तोंड केलं. 

तांडेलकाकांनी दाराबाहेर बघितलं. “मग ते केंद्राच्या नावाचं काय करायचं, मॅडम? रंगारी बाहेर थांबलाय. काल तुम्ही ‘थांबा’ म्हणालात म्हणून थांबवून ठेवलाय त्याला.”

“माझं नाव नको,” सर म्हणाले. “कशाला उगीच—”

“तुम्ही गप्प बसा हो सर,” मॅडम म्हणाल्या, आणि रंगाऱ्याला हाक मारायला स्वतः उठून बाहेर गेल्या.